दोन तीरांवरचा कलावंत : भारतेंदू हरिश्चंद्र आणि रामनगर

१

युरोपीय प्रबोधनकाळातील कलावंताचे चरित्र कसे लिहावे याचा नमुना जॉर्जो व्हासारीने १५५० साली घालून दिला. चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुकार यांची त्याने लिहिलेली चरित्रे हा कलेचा इतिहास तर आहेच. पण कलावंत या सामाजिक व्यक्तीच्या उदयाचा तो दस्तऐवजही आहे. कारागीर म्हणून श्रेणीच्या नावाखाली वावरणारा माणूस येथे स्वतःच्या नावाने, स्वभावाने, आणि राजे व धर्मगुरू यांच्याशी असलेल्या ओढाताणीच्या संबंधांसह उभा राहतो. पोप दुसरा ज्युलियस आणि मायकेलँजेलो यांच्यातील संघर्षाला कलेच्या इतिहासात जे स्थान आहे, ते याच कारणाने. १८६० साली याकोब बुर्कहार्टने इटलीतील प्रबोधनाची मीमांसा करताना व्यक्तीच्या आविष्काराला जे मध्यवर्ती स्थान दिले, त्याची पूर्वतयारी एका अर्थी व्हासारीने करून ठेवली होती.

भारतीय भाषांतील प्रबोधनाची चर्चा मात्र बहुतांशी विचारवंत आणि सुधारक यांच्याभोवती फिरत राहिली. मराठीत लोकहितवादी, जोतीराव फुले, विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर ही नावे घेतली की प्रबोधनपर्व उभे राहते. हिंदीत रामविलास शर्मा यांनी ‘नवजागरण’ या संकल्पनेची मांडणी करताना तिचा संबंध १८५७ च्या उठावाशी आणि भारतेंदूंच्या युगाशी जोडला. या सर्व विवेचनात विचारांच्या परिवर्तनाची नोंद विपुल आहे. कलावंताच्या स्थानात झालेल्या परिवर्तनाचा विचार त्या मानाने कमी झाला. कलावंत कोणासाठी निर्मिती करीत होता, त्याच्या निर्मितीचा खर्च कोण सोशीत होते, आणि त्याचे नाव कोणाच्या मुखी होते, हे तीन साधे प्रश्न प्रबोधनकाळाच्या संदर्भात विचारले की साहित्याचा इतिहास थोडा वेगळा दिसू लागतो.

भारतेंदू हरिश्चंद्र (१८५०–१८८५) यांची कारकीर्द या तीन प्रश्नांच्या दृष्टीने विलक्षण बोलकी आहे. कवी, नाटककार, नट, निबंधकार, संपादक, अनुवादक आणि वक्ता अशा अनेक भूमिका त्यांनी अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात पार पाडल्या. त्यांचे घर काशीच्या चौखंबा भागात, गंगेच्या पश्चिम तीरावर होते. पूर्व तीरावर रामनगरचा किल्ला होता आणि तेथे काशीनरेशांचा दरबार भरत होता. भारतेंदूंच्या कलाजीवनाला या दोन तीरांमधील अंतराचा विचार केल्याशिवाय नीट समजून घेता येत नाही, हे प्रस्तुत विवेचनाचे सूत्र आहे.

२

रामनगरचा किल्ला अठराव्या शतकाच्या मध्यास राजा बलवंत सिंह यांनी चुनारच्या दगडात बांधविला. १७८१ साली चेत सिंह आणि वॉरन हेस्टिंग्ज यांच्यात संघर्ष झाला आणि त्यानंतर या घराण्याच्या हाती प्रत्यक्ष सत्ता क्रमाने कमी होत गेली. काशी शहराचा कारभार कंपनीकडे गेला. राजपद राहिले, पण त्याचा आधार तलवारीवरून धर्मविधी, दानधर्म आणि कलांचा आश्रय यांच्याकडे सरकला. उदितनारायण सिंह (राज्यकाळ १७९६–१८३५) आणि ईश्वरीप्रसाद नारायण सिंह (१८३५–१८८९) या दोन राजांच्या काळात रामनगर हे रामकथेचे पीठ बनले, ते या पार्श्वभूमीवर. पेशवाईच्या अस्तानंतर दक्षिणेतील लहान संस्थानांनी विद्या, संगीत आणि नाटक यांचा आश्रय करून आपले राजेपण जपले, हे मराठी वाचकाला परिचित आहे. रामनगरची प्रक्रिया त्याहून फारशी निराळी नव्हती.

उदितनारायण सिंह यांच्या काळात तुलसीदासांच्या ‘रामचरितमानस’ची एक सचित्र पोथी सिद्ध झाली. तिच्यात पाचशेहून अधिक चित्रे आहेत. याच काळात रामनगरच्या रामलीलेचा पायाही घातला गेला. ही लीला अनंत चतुर्दशीच्या सुमारास सुरू होते आणि सुमारे एक महिना चालते. तिला एक रंगमंच नाही. अयोध्या, जनकपूर, चित्रकूट, पंचवटी, लंका ही स्थळे रामनगरच्या परिसरात कायमची नेमून दिलेली आहेत, आणि कथा जशी पुढे जाते तसा प्रेक्षकसमुदायही पायी एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी जातो. रामायणी मंडळी ‘मानस’चे पठण करतात; ते थांबले की पात्रे संवाद बोलतात. राम, सीता आणि बंधूंच्या भूमिका करणारी मुले ‘स्वरूप’ मानली जातात आणि दररोज आरतीने लीलेची सांगता होते. महाराज हत्तीवरून येतात आणि ‘हर हर महादेव’च्या गजरात त्यांचे स्वागत होते. ध्वनिवर्धक आणि विजेचे दिवे यांना ही परंपरा आजही दूर ठेवते. युनेस्कोने २००८ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या सूचीत रामलीलेचा समावेश केला, तेव्हा रामनगरचे नाव जगाच्या अधिक परिचयाचे झाले.

ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्या कारकिर्दीत या लीलेचे संवाद नव्याने सिद्ध झाले. त्या कामात काष्ठजिह्वा स्वामी, रीवाचे महाराज रघुराज सिंह आणि तरुण हरिश्चंद्र यांचा हात होता, अशी परंपरा आहे. या परंपरेतील महत्त्वाची गोष्ट अशी की कोणता संवाद कोणाचा, हे लीला पाहणारा विचारीत नाही. पोथीची चित्रे राजाच्या नावाने ओळखली जातात. चित्रकारांच्या नावांची चर्चा प्रेक्षकाला आवश्यक वाटत नाही. संवादांचेही तसेच आहे. रामनगरमध्ये कलावंताने आपले नाव विधीच्या स्वाधीन करावे, ही अपेक्षा आहे. ही अपेक्षा कमी प्रतीची नाही. एका मोठ्या सामूहिक आविष्कारात विरून जाण्याची धन्यता तिच्यात आहे, आणि वैष्णव भक्तिपरंपरेत वाढलेल्या हरिश्चंद्रांना ती परकी असण्याचे कारण नव्हते. त्यांची ब्रजभाषेतील पदरचना याच वृत्तीतून झालेली आहे.

३

पश्चिम तीरावरचे हरिश्चंद्र मात्र निराळ्या घडणीचे होते. ९ सप्टेंबर १८५० रोजी त्यांचा जन्म झाला. प्लासीच्या राजकारणात नाव आलेल्या सेठ अमीचंद यांच्या वंशातील हे सावकारी घराणे. वडील गोपालचंद्र ‘गिरिधरदास’ या नावाने काव्यरचना करीत. ‘नहुष’ हे त्यांचे नाटक हिंदी नाट्येतिहासात आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक मानले जाते. आई लहानपणी गेली, आणि १८६० साली वडीलही वारले. दहाव्या वर्षी पोरक्या झालेल्या या मुलाच्या वाट्याला मोठी संपत्ती आणि मोठे ग्रंथदालन आले. क्वीन्स कॉलेजातील शिक्षण अपुरे राहिले. १८६५ च्या सुमारास जगन्नाथपुरीच्या यात्रेच्या निमित्ताने बंगालशी परिचय झाला, आणि बंगालीवरून केलेले ‘विद्यासुंदर’ १८६८ साली सिद्ध झाले.

त्याच वर्षी ‘कविवचनसुधा’ निघाले. जुन्या कवींच्या रचना छापणारे मासिक म्हणून ते सुरू झाले. पुढे पाक्षिक, नंतर साप्ताहिक झाले आणि त्यात राजकीय व सामाजिक गद्याला जागा मिळत गेली. १८७३ साली ‘हरिश्चंद्र मॅगझिन’ आले; त्याचेच पुढे ‘हरिश्चंद्रचंद्रिका’ झाले. १८७४ साली स्त्रियांसाठी ‘बालाबोधिनी’ निघाले. नियतकालिकाच्या शीर्षकातच संपादकाचे नाव असावे, ही गोष्ट क्षुल्लक नाही. पूर्व तीरावर ज्याचे नाव विधीत विरघळत होते, त्याचेच नाव पश्चिम तीरावर मुखपृष्ठावर छापले जात होते. हिंदी १८७३ साली नव्या वळणावर आली अशी नोंद स्वतः भारतेंदूंनी करून ठेवली आहे. आपण एका आरंभाचे साक्षीदार आणि कर्ते आहोत, ही जाणीव त्या नोंदीमागे आहे.

या सर्व उद्योगाचा खर्च कोण करीत होते? उत्तर सरळ आहे : हरिश्चंद्र स्वतः. येथे त्यांच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका आठवते. काशीनरेशांनी त्यांना घर सांभाळून खर्च करण्याचा वडीलकीचा सल्ला दिला, तेव्हा या संपत्तीने आपल्या पूर्वजांना खाल्ले, आता आपण तिला खाणार, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. चरित्रकारांनी या आख्यायिकेत रसिक, उधळ्या, दिलदार पुरुषाचे चित्र पाहिले. व्हासारीच्या चरित्रांतही अशी चित्रे विपुल आहेत. विक्षिप्त प्रतिभावंताची कथा सांगायला आणि ऐकायला गोड असते. पण ती कष्ट झाकते. सुमारे सतरा वर्षांत नाटके, काव्य, निबंध, इतिहासविषयक लेखन, प्रवासवर्णने आणि नियतकालिकांचे अंकामागून अंक ज्याने सिद्ध केले, तो माणूस दिवसाचा बराच भाग लेखणी हाती धरून बसलेला असला पाहिजे. त्याच्या खर्चाचा एक मोठा वाटा छापखाने, नियतकालिके, शाळा आणि लेखकांना दिलेली पारितोषिके यांवर झाला. आख्यायिकेतील संवादाकडे या दृष्टीने पाहिले तर त्यातून एक निराळी वस्तुस्थिती प्रकट होते. दरबार आश्रय देऊ शकत होता, पण नियतकालिक चालवू शकत नव्हता. ग्राहकांचा समाज अजून तयार झाला नव्हता. या दोहोंमधील पोकळी हरिश्चंद्रांनी वडिलोपार्जित धनाने भरून काढली. आश्रयदाता आणि आश्रित या दोन्ही भूमिका त्यांनी एकाच देहात वागविल्या, आणि त्यात ते कर्जबाजारी झाले. १८७० साली धाकट्या बंधूशी मालमत्तेची वाटणी झाली, ती याच मार्गावरची एक खूण आहे.

४

पूर्व आणि पश्चिम तीरांचा संबंध रंगभूमीवर सर्वाधिक स्पष्ट होतो. ३ एप्रिल १८६८ रोजी काशीत शीतलाप्रसाद त्रिपाठी यांच्या ‘जानकीमंगल’ नाटकाचा प्रयोग काशीनरेशांच्या उपस्थितीत झाला. लक्ष्मणाची भूमिका करणारा नट ऐन वेळी आजारी पडला; तेव्हा सतरा वर्षांच्या हरिश्चंद्रांनी अल्पावधीत ती भूमिका पाठ करून पार पाडली. आधुनिक हिंदी रंगभूमीचा आरंभ या प्रयोगापासून मानण्याची प्रथा आहे, आणि स्वतः भारतेंदूंनीही ‘नाटक’ या १८८३ च्या निबंधात या प्रयोगाला अग्रस्थान दिले आहे.

या प्रसंगाचा विषय लक्षात घेण्याजोगा आहे. ‘जानकीमंगल’ म्हणजे धनुर्भंग आणि सीतेचे स्वयंवर. रामनगरच्या जनकपुरीत जो प्रसंग दरवर्षी मोकळ्या आकाशाखाली, विधी म्हणून घडत होता, तोच प्रसंग नदीच्या या तीरावर बंदिस्त नाट्यगृहात, निमंत्रित प्रेक्षकांपुढे, नाटक म्हणून उभा राहिला. प्रेक्षक येथे पात्रांमागून चालत नाही. तो आसनावर बसून पाहतो. राजा हत्तीवर नाही. तोही प्रेक्षकांपैकी एक आहे. लक्ष्मण हा येथे स्वरूप नाही; ती एका नटाची भूमिका आहे, आणि नट आजारी पडला तर दुसरा ती करू शकतो. कथा तीच राहून कलेचा करार बदलला, असा हा क्षण आहे.

मराठी वाचकाला येथे सांगलीची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी जे पहिले नाटक सादर केले, त्याचाही विषय सीतास्वयंवर हाच होता. पंचवीस वर्षांच्या अंतराने दोन भाषांतील रंगभूमीचा आरंभ एकाच प्रसंगाने आणि राजाच्या साक्षीने व्हावा, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. नव्या कलाप्रकाराला समाजाची मान्यता हवी असते तेव्हा तो सर्वांच्या ओळखीची कथा निवडतो आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याला प्रेक्षकांत बसवितो. पुढचा मार्ग मात्र भिन्न झाला. भाव्यांनी नाटक मंडळी काढून गावोगावी प्रयोग केले; तिकीट काढून येणारा प्रेक्षक मराठी रंगभूमीला लवकर लाभला. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले तेव्हा त्यामागे या प्रेक्षकाची तीन-चार दशकांची घडण होती. भारतेंदूंना असा प्रेक्षक मिळाला नाही. काशीत पारशी नाटक मंडळीने केलेल्या ‘शकुंतला’च्या प्रयोगात दुष्यंताला कमरेवर हात ठेवून नाचताना पाहून डॉ. थिबो आणि प्रमदादास मित्र उठून गेले, ही हकिकत त्यांनी ‘नाटक’ निबंधात उद्वेगाने नमूद केली आहे. एका बाजूला विधी आणि दुसऱ्या बाजूला बाजारी करमणूक, यांमध्ये सुसंस्कृत हिंदी रंगभूमीला स्वतःची जागा शोधायची होती. नाटकाची उद्दिष्टे सांगताना शृंगार, हास्य आणि कौतुक यांच्या जोडीला समाजसंस्कार आणि देशवत्सलता यांची नावे त्यांनी घेतली, त्यामागे हा शोध आहे.

५

काशी ही मराठी माणसालाही परकी नव्हती. गागाभट्टांच्या घराण्यापासून अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभारलेल्या विश्वेश्वराच्या मंदिरापर्यंत आणि गंगेवरील घाटांपर्यंत मराठी वस्तीच्या खुणा तेथे दाट आहेत. भारतेंदूंनी या वस्तीला आपल्या नाटकात आणले, हे मराठी समीक्षेत फारसे उल्लेखिले जात नाही. ‘प्रेमजोगिनी’ ही त्यांची अपूर्ण राहिलेली नाटिका. तिचे आरंभीचे प्रवेश १८७४ साली ‘हरिश्चंद्रचंद्रिके’त काशीची छायाचित्रे या अर्थाच्या मथळ्याने आले होते. तिच्यात कथानक जवळजवळ नाही. चार प्रवेशांत चार स्थळे आहेत : वैष्णव मंदिर, गैबीचा परिसर, मुगलसराईचे रेल्वे स्थानक आणि बुभुक्षित दीक्षित यांची बैठक. या चौथ्या प्रवेशात काशीतील दाक्षिणात्य ब्राह्मण जमतात. भोजनाची आमंत्रणे आणि दक्षिणा यांभोवती त्यांची बोलणी फिरतात, आणि ती बोलणी मराठीत आहेत. मराठी आणि हिंदी वाक्ये एकमेकांत मिसळतात, जशी ती काशीच्या गल्लीत मिसळत असतील.

हिंदीच्या प्रस्थापनेसाठी झटणाऱ्या लेखकाने आपल्या नाटिकेतील एक प्रवेश परभाषेत लिहावा, हे धाडस आहे. त्यात उपहास आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘बुभुक्षित’ या नावातच तो उघड आहे. पण पहिल्या प्रवेशात स्वतःच्या वैष्णव संप्रदायातील मंडळींनाही त्यांनी सोडलेले नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. प्रत्येक थराला त्याच्या स्वतःच्या बोलीत बोलू देणे ही या नाटिकेची पद्धत आहे, आणि छायाचित्र हा शब्द त्या काळी नव्या असलेल्या यंत्राकडून घेतलेला आहे. रामनगरच्या लीलेत काशीचा परिसर अयोध्या आणि लंका होतो. ‘प्रेमजोगिनी’त काशी ही काशीच राहते, मळलेली आणि बोलकी. प्रस्तावनेत सूत्रधाराच्या मुखी हरिश्चंद्रांच्या उपेक्षेची खंत आली आहे. लेखकाने स्वतःचे नाव, स्वतःचे दुःख नाट्यरचनेच्या आत आणावे, ही घटना प्रबोधनकालीन कलावंताच्या आत्मजाणिवेची स्पष्ट खूण मानावी लागेल.

६

राजा ही व्यक्तिरेखा भारतेंदूंच्या नाटकांत पुन्हा पुन्हा येते, आणि तिच्या मांडणीत त्यांच्या कलेचा सर्वांत धारदार भाग आहे. ‘सत्य हरिश्चंद्र’ (१८७५) या नाटकाला क्षेमीश्वराच्या ‘चंडकौशिक’ या संस्कृत नाटकाचा आधार आहे. सत्यासाठी राज्य सोडलेला राजा काशीत येऊन स्वतःला विकतो आणि स्मशानात चांडाळाचा सेवक होतो. राजाचे मोठेपण येथे राजपद गमावल्यावर सिद्ध होते. नायकाचे आणि नाटककाराचे नाव एकच असल्याने, आणि दोघेही काशीतच निष्कांचन होत असल्याने, समकालीनांना या नाटकात आत्मचरित्राचा ध्वनी ऐकू आला असल्यास नवल नाही.

‘अंधेर नगरी’ (१८८१) हे प्रहसन दुसऱ्या टोकाला आहे. काशीच्या नॅशनल थिएटरसाठी ते एका रात्रीत लिहिले गेले असे सांगतात. सहा छोट्या अंकांची ही रचना एका प्रचलित लोककथेवर उभी आहे. सर्व वस्तू एकाच भावाने मिळणाऱ्या नगरीत महंताचा लोभी शिष्य राहतो. भिंत पडून बकरी मरते. दोष भिंतीच्या मालकाकडून गवंडी, चुनेवाला, भिस्ती, खाटीक, धनगर असा सरकत कोतवालापर्यंत येतो. कोतवालाची मान फासाच्या मानाने बारीक ठरते, म्हणून जाड मानेचा शिष्य पकडला जातो. गुरू युक्ती करतो : या मुहूर्तावर मरणारा स्वर्गाला जाईल. तेव्हा राजा स्वतःच फासावर चढतो. दुसऱ्या अंकातील बाजार तर या प्रहसनाचा प्राण आहे. कबाबवाला, हलवाई, भाजीवाली, चूर्णवाला, मासेवाली यांच्या आरोळ्यांमधून कंपनीचे आणि राणीचे राज्य, हाकीम, पोलीस, महाजन सर्वांचा समाचार घेतला जातो. त्या बाजारात ब्राह्मण आपली जातही विकायला बसलेला आहे. मराठीतील लळीत, दशावतार आणि वग यांच्या रसिकाला या रचनेची जात ओळखीची वाटेल.

या प्रहसनातील राजा म्हणजे काशीनरेश नव्हेत. लेखनाचे निमित्त बिहारमधील एक जमीनदार होता असे परंपरा सांगते, आणि बाजारातील आरोळ्यांचा रोख इंग्रजी अमलाकडे आहे. तरीही एक गोष्ट उरते. ज्या लेखणीने रामनगरच्या लीलेत राजधर्माचे संवाद घासूनपुसून दिले असे मानले जाते, त्याच लेखणीने विवेकशून्य राजाला स्वतःच्या हाताने फासावर चढविले. रामनगरला राजाचे अस्तित्व लीलेच्या पूर्णतेसाठी आवश्यक आहे. ‘अंधेर नगरी’त राजाचे नाहीसे होणे हीच कथेची पूर्णता आहे. ही दोन्ही दर्शने एका कलावंतात एकाच वेळी नांदत होती. एकाला खोटे ठरवून दुसऱ्याला खरे मानणाऱ्या समीक्षेने भारतेंदूंना नेहमीच अर्धे पाहिले आहे.

७

भारतेंदू आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची तुलना उद्बोधक ठरते. दोघांचा जन्म १८५० सालचा. दोघांचेही वडील लेखक. जानेवारी १८७४ मध्ये पुण्यात ‘निबंधमाला’ सुरू झाली, तेव्हा काशीत ‘हरिश्चंद्र मॅगझिन’ निघून काही महिनेच झाले होते. १८८२ साली विष्णुशास्त्री गेले, आणि ६ जानेवारी १८८५ रोजी भारतेंदू क्षयाने गेले. गद्यभाषेला सामर्थ्य देण्याचे श्रेय दोघांनाही दिले जाते. पण विष्णुशास्त्र्यांनी १८७९ साली सरकारी नोकरी सोडली आणि पुढच्या दोन वर्षांत शाळा, छापखाना, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांच्या उभारणीत सहकाऱ्यांसह भाग घेतला. त्यांच्या मागे संस्था राहिल्या. भारतेंदूंच्या हयातीतच त्यांची नियतकालिके दुसऱ्यांच्या हाती गेली. त्यांच्या मागे ग्रंथ राहिले, मित्रमंडळातील लेखक राहिले, आणि बांकीपूरच्या खड्गविलास छापखान्याचे रामदीन सिंह यांच्यासारखा प्रकाशक राहिला. आश्रयदात्याकडून प्रकाशकाकडे झालेला हा प्रवास अपुरा असला तरी त्याची दिशा आधुनिक आहे.

मर्यादांचा विचार केल्याशिवाय मूल्यमापन पुरे होत नाही. भारतेंदूंनी राजपुत्रांच्या स्वागताची काव्ये केली आणि मार्च १८७४ मध्ये ‘कविवचनसुधे’तून परदेशी कापड न वापरण्याची प्रतिज्ञाही प्रसिद्ध केली. गद्यासाठी त्यांनी खडी बोली घडविली. कवितेसाठी मात्र ते बहुतांशी ब्रजभाषेतच राहिले. ‘रसा’ या नावाने उर्दू गझल लिहिणाऱ्या या कवीने उर्दूची टर उडविणारी रचनाही केली, आणि १८८२ च्या शिक्षण आयोगापुढे नागरीतील हिंदीचा पक्ष मांडला. ‘नीलदेवी’त मुसलमान सत्ताधाऱ्याचे चित्र एकरंगी आहे, तर ‘पंच पवित्रात्मा’त पैगंबर आणि त्यांच्या कुटुंबीयांची चरित्रे आदराने लिहिलेली आहेत. नोव्हेंबर १८८४ मध्ये बलियाच्या भाषणात त्यांनी हिंदू-मुसलमानांनी आपसांतील वैर सोडावे असे आवाहन केले. वसुधा डालमिया यांनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हिंदू परंपरांच्या राष्ट्रीयीकरणाच्या संदर्भात भारतेंदूंचा जो सखोल अभ्यास केला, त्यानंतर या विसंगतींना केवळ काळाचा दोष म्हणून बाजूला सारता येत नाही. भाषेचा आणि धर्माचा जो समन्वय पुढे दुरावला, त्या दुराव्याची आरंभीची काही पाने याच नियतकालिकांत छापली गेली. नव्या वाचकसमाजाची घडण करताना त्या समाजाच्या सीमाही आखल्या जातात, आणि त्या आखणीची जबाबदारी लेखकावर राहतेच.

‘भारतेंदू’ ही पदवीही या संदर्भात अर्थपूर्ण आहे. राजा शिवप्रसाद यांना सरकारकडून ‘सितारे हिंद’ हा किताब मिळाला होता. एके काळी हरिश्चंद्रांनी त्यांच्याकडे इंग्रजीचे पाठ घेतले होते. पुढे भाषेच्या प्रश्नावर दोघांत मतभेद झाले. १८८० साली हिंदी पत्रे आणि पंडित यांच्या पुढाकाराने हरिश्चंद्रांना भारताचा चंद्र म्हटले गेले. ताऱ्याला चंद्राने दिलेले हे उत्तर होते. त्यापेक्षा महत्त्वाचे असे की ही पदवी किल्ल्यातून आली नाही आणि सरकारी कचेरीतूनही आली नाही. ती वाचकांनी दिली. ज्या वाचकसमाजाच्या पोषणासाठी त्यांनी आपले धन वेचले होते, त्या समाजाने केलेली ही पहिली परतफेड होती, आणि ती त्यांच्या हयातीत झाली.

प्रबोधनकाळातील कलावंत म्हटला की राजाश्रयातून मुक्त झालेली, स्वयंपूर्ण व्यक्ती डोळ्यांपुढे येते. भारतेंदूंचे उदाहरण या समजुतीला मुरड घालते. त्यांना दरबाराविषयी वैर नव्हते. ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांचा स्नेह त्यांनी अखेरपर्यंत जपला. त्यांनी एका तीराचा त्याग करून दुसरा गाठला नाही. सामूहिक विधीतून मिळालेली कथा, बोली आणि प्रेक्षकांशी सलगी ते बरोबर घेऊन आले, आणि छापील पानावर व रंगमंचावर त्यांनी तिचा नव्या हेतूसाठी उपयोग केला. त्या उपयोगाचे मोल त्यांना पैशांत आणि प्रकृतीत चुकवावे लागले. साहित्याच्या अभ्यासकाने ‘अंधेर नगरी’ वाचताना रामनगरच्या लीलेचा विचार मनात ठेवावा, आणि लीलेचे संवाद ऐकताना त्यांमागे एखादा नाव असलेला लेखक असू शकतो याचे स्मरण ठेवावे. एकोणिसाव्या शतकातील भारतीय कलावंताच्या कारकिर्दीचे आकलन या दुहेरी वाचनातूनच होऊ शकेल.